एक्झिमचा टेस्ट सूट: कुडाळात बसून चालवला, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटले, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण हे लांबणारे.

एक्झिम म्हणजे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर, डेबियन या लिनक्सवर मेल सर्व्हर म्हणून डिफॉल्ट तेच येतं, पैसे लागत नाहीत. १९९५ साली केंब्रिज युनिव्हर्सिटीत फिलिप हेझल यांनी ते लिहायला घेतलं, आणि त्याच माणसाने एक्झिमसाठी म्हणून पीसीआरई नावाची रेग्युलर एक्सप्रेशनची, म्हणजे मजकुरात नमुने शोधायची, लायब्ररी लिहिली जी पुढे पीएचपीपासून कुठे कुठे घुसली. तर या एक्झिमच्या सोर्स कोडबरोबर गिटमध्ये (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) टेस्ट नावाचा एक फोल्डर येतो. त्यात शेकडो टेस्ट आहेत, सगळ्या चालवणारी रनटेस्ट नावाची पर्ल भाषेतली एक भलीमोठी स्क्रिप्ट आहे, हे सगळं मिळून टेस्ट सूट, आणि त्याचाच हा रिव्ह्यू. फुकटच्या गोष्टीचा रिव्ह्यू कशाला म्हणाल तर पैसे नसले गेले तरी माझी अख्खी दिवाळीएवढी सुट्टी त्यात गेली, म्हणून.

मी कोण ते थोडक्यात. कुडाळात बसतो, मालवण, वेंगुर्ला, देवगड इकडच्या डझनभर लोकांचे मेल सांभाळतो. होमस्टेवाले आहेत, दोन काजू फॅक्टऱ्या आहेत, आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवणारे दोघं-तिघं आहेत. मोठ्या कंपनीचं मेल का घेत नाही असं दर वेळी कुणीतरी विचारतं, तर सगळ्यांना ते परवडतं असं नाही आणि निम्म्या लोकांना मेल चाललं नाही की माणसाला फोन करायचा असतो, फॉर्म भरायचा नसतो. तो माणूस मी.

आता टेस्टपर्यंत कसा आलो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये डेबियन ११ आलं आणि मी हौसेने महिनाअखेरीस सर्व्हर अपग्रेड करून मोकळा झालो, चेंजलॉग न वाचता, ही चूक शंभर टक्के माझी. त्याच्यात एक्झिम ४.९४ होतं आणि ४.९४ पासून एक्झिममध्ये सोवळं-ओवळं आलंय. म्हणजे असं की मेल पाठवणाऱ्याने बाहेरून जे काही दिलंय, पत्त्यातला @ च्या आधीचा भाग, डोमेन, ते सगळं ओवळं. ते तसंच्या तसं फाइलच्या नावात वापरायला गेलात की एक्झिम हात वर करतं. आधी तुमच्या स्वतःच्या यादीत ते नाव आहे का बघा, यादीतून जे बाहेर येईल ते सोवळं, ते वापरा. नियम एकदम बरोबर आहे, कुणी पत्त्यात दोन टिंबं आणि स्लॅश घालून भलत्या फोल्डरात घुसू नये म्हणून आहे. पण माझ्या दहा वर्षं जुन्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे एक्झिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, मेलबॉक्सच्या पाथमध्ये सरळ लोकल पार्टचा, म्हणजे त्या @ च्या आधीच्या भागाचा, व्हेरिएबल टाकलेला. झालं, आलेलं प्रत्येक मेल क्यूमध्ये, रांगेत अडकून.

आणि कधी? तर गणपती १० सप्टेंबरला, चाकरमानी आणि त्यांच्याबरोबरची पाहुणेमंडळी खोल्या शोधतायत तेव्हा. मालवणच्या काकांचा फोन. "रे, तुझ्या त्या मेलाक काय झाला? ठाण्याची पार्टी म्हणता मेल धाडलंय, माका काय गावूक नाय." मी म्हटलं काका स्पॅममध्ये बघा. स्पॅममध्ये कसं असणार. लॉग उघडला तर ओळीच्या ओळी दोन बरोबरच्या चिन्हांच्या, एक्झिमच्या लॉगमध्ये ते चिन्ह म्हणजे डिफर, आत्ता जमलं नाही नंतर बघतो. एवढंच नशीब की डिफर होतं, परत पाठवलेलं नव्हतं. एक्झिमचं डिफॉल्ट वेळापत्रक असं की चार दिवस प्रयत्न करतं आणि मगच नाद सोडतं. दोन दिवसात कॉन्फिग सुधारलं, क्यू जोर लावून पळवली, सगळी मेलं पोचली. ठाण्याच्या पार्टीने तोवर तारकर्लीला दुसरीकडे बुक केलं होतं. काकांनी ते मला अजून दोन वेळा ऐकवलंय.

तेव्हाच ठरवलेलं की पुढच्या वेळी अपग्रेडच्या आधी टेस्ट. ठरवलेलं म्हणजे ठरवलेलं, केलं काही नाही. मग डिसेंबर २०२३ मध्ये ते एसएमटीपी (मेल सर्व्हर आपसात बोलतात ती भाषा) स्मगलिंगचं प्रकरण निघालं, एका मेलच्या पोटात दुसरं मेल लपवून पाठवता येतं असं, पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम सगळेच मेल सर्व्हर त्यात सापडले. एक्झिमवाल्यांनी ४.९७.१ काढलं. पॅकेज यथावकाश आलं असतं पण नाताळचा सीझन, सगळ्या होमस्टेत माणसं, मला धीर नव्हता, म्हणून सोर्स घेऊन स्वतः कंपाइल करायला, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, बसलो. आणि स्वतः कंपाइल केलेला मेल सर्व्हर लोकांच्या धंद्यावर सोडायचा तर तो नीट चालतो हे कशावरून? तर हा टेस्ट सूट.

सेटअपबद्दल बोलू, कारण अर्धा स्टार तिथेच गेला.

पहिली गोष्ट, हे प्रकरण चालू सर्व्हरवर करायचं नाही. का ते पुढे कळेलच. मी लॅपटॉपवर डेबियनचं एक व्हर्च्युअल मशीन केलं, नाव ठेवलं बांगडा. आमच्याकडे मशीनांना माशांचीच नावं, खरा सर्व्हर सुरमई, बॅकअपचा मोरी.

एक्झिम कंपाइल करताना लोकल मेकफाइलमध्ये (कंपाइलच्या सेटिंगची फाइल) दोन-तीन गोष्टी खास टेस्टसाठी घालाव्या लागतात. एक म्हणजे विश्वासातल्या कॉन्फिग फाइलींची यादी, दुसरं म्हणजे कमांड लाइनवरून कुठले मॅक्रो (कॉन्फिगमध्ये बाहेरून भरायच्या किमती) द्यायची परवानगी आहे त्यांची यादी. यामागे इतिहास आहे. २०१० च्या डिसेंबरमध्ये एक्झिममध्ये मोठं भोक सापडलेलं, त्यात हल्लेखोर स्वतःची कॉन्फिग फाइल देऊन रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होत होता. तेव्हापासून एक्झिम कुठल्याही सोम्यागोम्याने दिलेली कॉन्फिग रूटच्या अधिकाराने चालवत नाही. आता टेस्ट सूटचं सगळं कामच वेगवेगळी कॉन्फिग देऊन एक्झिम चालवायचं, म्हणून त्याला ही मुभा हवी. या दोन ओळी नसतील तर टेस्ट अशा काही विचित्र पद्धतीने फेल होतात की तुम्हाला वाटावं एक्झिमच मोडकंय. मी पहिल्या संध्याकाळी इथेच तीन तास घालवले. रीडमीमध्ये लिहिलंय सगळं, नाही असं नाही, पण ती रीडमी म्हणजे जुन्या काळच्या हेडमास्तरांची नोटीस, एकदा सांगितलं ते सांगितलं, ठळक वगैरे काही करणार नाही.

दुसरं, रूट म्हणून चालवायचं नाही आणि एक्झिमच्या युजरनेही नाही, तिसराच साधा युजर लागतो ज्याला सूडोचा, म्हणजे गरजेपुरतं रूट व्हायचा, अधिकार आहे. आणि तिसरं, ज्याने मला खरंच रडवलं, तो टेस्टचा फोल्डर जिथे ठेवलाय तिथवर एक्झिमच्या युजरला पोचता आलं पाहिजे. हल्लीच्या डेबियन-उबुंटूत तुमचं होम फोल्डर बाकीच्यांना बंद असतं, चांगली गोष्ट आहे, पण मी सगळं होममध्येच क्लोन केलेलं. म्हणजे घराचं दार आतून लावून पाव्हण्याला माजघरात जेवायला बोलावल्यासारखं. फोल्डर उचलून ऑप्ट नावाच्या, सगळ्यांना पोचता येणाऱ्या फोल्डरात नेला, एका मिनिटात चालू.

मग टेस्ट फोल्डरात ऑटोकॉन्फ, कॉन्फिगर, मेक. यात छोटे छोटे सी प्रोग्रॅम बनतात, एक खोटा क्लायंट, एक खोटा सर्व्हर, एक खोटा नेमसर्व्हर (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारा), आणि आयईएफबीआर१४ नावाचा एक, ज्याचं काम काहीही न करणं हे आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर याच नावाचा काहीही न करणारा प्रोग्रॅम असतो, तो विनोद. आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या एका हापिसात या नावाची माणसं पण आहेत, असो.

रनटेस्ट चालू केल्यावर ती आधी तुमची एक्झिमची बायनरी, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेला प्रोग्रॅम, घेते, तिची कॉपी करते आणि त्या कॉपीत एक गंमत करते. बायनरीच्या पोटात एक मजकूर आहे, रनिंग असा, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन बाण. ते पुसून त्या जागी तितक्याच अक्षरांचं टेस्टिंग लिहिते. बस. एक्झिम चालू होताना तो मजकूर बघतं आणि त्याला कळतं की आपण आता परीक्षेच्या हॉलमध्ये आहोत, म्हणून काही ठिकाणी वाट बघायची वेळ कमी करतं, आणि डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या यंत्रणेला, काही विचारायचं तर बाहेर न जाता त्या खोट्या नेमसर्व्हरला विचारतं. वेगळं टेस्ट बिल्ड नाही, काही नाही. जी बायनरी उद्या सर्व्हरवर जाणार तीच तपासली जाते, एका शब्दापुरती बदललेली. मला हे फार आवडलं, यासाठी एक अख्खा स्टार.

पण ही कॉपी रूटच्या मालकीची, सेटयूआयडी म्हणजे कुणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालणारी, आणि वरून कॉन्फिगची मुभा दिलेली, असलं जनावर चालू सर्व्हरवर मोकळं सोडायचं नाही म्हणून म्हटलं व्हर्च्युअल मशीन. सर्व्हरसाठी त्या दोन ओळी काढून परत कंपाइल करायचं. मग तपासलेली आणि चढवलेली बायनरी तंतोतंत तीच राहत नाही हे मला माहितीय, कुणी कॉमेंटमध्ये शिकवू नका.

खोटा नेमसर्व्हर म्हणजे कोकणासाठी वरदान आहे. पावसात आमचं नेट किती दिवस असतं हे मी सांगायला नको, फांदी पडली की फायबर गेली, आणि ज्या टेस्टना इंटरनेट लागतं त्या आमच्यासाठी फक्त उन्हाळी टेस्ट. हा सूट पूर्ण ऑफलाइन चालतो. टेस्ट डॉट ईएक्स असं बनावट डोमेन आहे, त्याच्या झोन फाइली, म्हणजे पत्त्यांच्या याद्या, फोल्डरातच आहेत, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचं ते सांगणारी नोंद) आहे, एमएक्स नाही, उत्तरच येत नाही, उत्तर चुकीचं येतं, सगळे प्रकार आत. फक्त मशीनला १२७.०.०.१ सोडून स्वतःचा एखादा आयपी पत्ता हवा. नेट गेलं की राउटरकडून पत्ता मिळायचा बंद, मग मी एक डमी इंटरफेस बनवून त्याला हाताने पत्ता दिला. आयपीव्ही६ नसेल तर त्या टेस्ट तो स्वतःच वगळतो. तसंच तुमच्या बायनरीत जे फीचर कंपाइल केलेलं नाही, पर्ल म्हणा, कुठलं डेटाबेस लुकअप म्हणा, त्यांचा अख्खा फोल्डर सोडून पुढे जातो आणि काय सोडलं ते सांगतो. टीएलएस म्हणजे मेलच्या वाटेवरचं एन्क्रिप्शन, त्यासाठीच्या ग्नूटीएलएस आणि ओपनएसएसएल या दोन लायब्रऱ्यांचे फोल्डर वेगवेगळे, ज्याच्यावर तुम्ही बिल्ड केलंय त्याच्या टेस्ट चालतात.

आता एक टेस्ट जवळून दाखवतो म्हणजे कळेल. टेस्टला नंबर असतो. त्या नंबरची एक स्क्रिप्ट, त्याच नंबरची एक कॉन्फिग, आणि त्याच नंबरचं अपेक्षित आउटपुट, लॉग वेगळा, मेलबॉक्समध्ये पडलेलं मेल वेगळं, रिजेक्ट लॉग वेगळा. स्क्रिप्टमध्ये समजा क्लायंट चालवायचाय तर १२२५ पोर्टला जोडा, मग तीन प्रश्नचिन्हं आणि २२०, म्हणजे समोरून २२० ने सुरू होणारी ओळ आली पाहिजे, मग तुमची हेलोची ओळ, मग परत तीन प्रश्नचिन्हं आणि २५०. चार चांदण्या आल्या की संपलं. बस एवढंच व्याकरण. दशावतारात कसं, संहिता कागदावर नसते पण कुणी काय म्हटल्यावर कुणी काय म्हणायचं हे पक्कं, तसं. खोट्या सर्व्हरचं याच्या उलट, आकड्याने सुरू होणारी ओळ तो पाठवतो आणि बाकीची ओळ समोरून यायची वाट बघतो.

आणि तपासायचं कसं, तर जे आउटपुट आलं ते ठेवलेल्या आउटपुटशी ओळ न ओळ ताडून बघायचं. असर्ट, म्हणजे एकेक अट कोडमध्ये लिहून तपासणं, वगैरे भानगड नाही. कालच्यासारखंच आजही झालं का, एवढाच प्रश्न. पण लॉगमध्ये तर वेळ असते, मेसेज आयडी असतो, प्रोसेस नंबर असतो, हे रोज बदलणारच. म्हणून ताडण्याआधी रनटेस्ट सगळं घासून एकसारखं करते. तुमचं युजरनेम जातं आणि तिथे कॉलर येतं, मशीनचं नाव जातं, आणि सगळ्या तारखा, सगळ्या म्हणजे सगळ्या, १९९९ सालच्या २ मार्चच्या सकाळी ९ वाजून ४४ मिनिटं ३३ सेकंद होतात. शेकडो टेस्ट, हजारो ओळी, सगळं जग त्या एका सेकंदाला अडकलेलं. मेसेज आयडी पण तसाच, पहिली सहा अक्षरं वन, झीरो, कॅपिटल एच, एम, ए, कॅपिटल एक्स. एक्झिमच्या आयडीतली पहिली सहा अक्षरं म्हणजे बासष्टच्या हिशेबात लिहिलेली वेळ असते, म्हणून मी एका रात्री रिकामटेकडेपणाने कॅल्क्युलेटरवर ती सोडवली. ९२ कोटी ३ लाख ७१ हजार १८५ सेकंद आले, १९७० पासून मोजायचे. तारीख निघाली २ मार्च १९९९च. वेळ तेवढी तासाभराने पुढची. मग दिनदर्शिका बघितली तर त्या दिवशी फाल्गुन पौर्णिमा. म्हणजे इकडे ऐन शिमगा, पालख्या नाचतायत, आणि तिकडे केंब्रिजमध्ये कुणीतरी ही मेलं पाठवत असणार. याचा टेस्टशी काही संबंध नाही पण मला सांगायचंच होतं.

चालवताना काय होतं ते आता. पहिल्या दोनेकशे भराभर पास. मग एक अडते, फरक दाखवते, आणि विचारते पुढे जाऊ, परत चालवू, अपडेट करू, की थांबू. तुम्ही उत्तर दिलंत तरच पुढे. चहा करायला गेलात तर परत येईपर्यंत ती तशीच उभी. कंटिन्यूचा ऑप्शन देऊन चालवलंत की न थांबता पुढे जाते, तो शोधायला मला एक दिवस लागला, तोवर मी लॅपटॉपसमोर वॉचमनसारखा. जुन्या मशीनसाठी स्लो नावाचा पण ऑप्शन आहे, माझ्या लॅपटॉपला तो लावला तेव्हा कुठे टाइमिंगच्या रडारडी कमी झाल्या.

माझ्या ज्या फेल झाल्या त्यात खऱ्या अर्थाने एक्झिमची चूक अशी एकही नव्हती. काही टीएलएसच्या, जिथे लायब्ररीच्या व्हर्जनप्रमाणे एररचा मजकूर दोन शब्दांनी बदलतो. ताडून बघायच्या पद्धतीचा हा तोटा, अर्थ तोच असला तरी शब्द बदलला की फेल. काही अशा की दोन डिलिव्हरी एकाच वेळी चालू, कुठली आधी संपेल नेम नाही, लॉगमध्ये ओळी वरखाली. त्या परत चालवल्या की पास. हे असं "परत चालवलं की पास" मला आवडत नाही, कारण सवय लागते. चौथ्यांदा लाल दिसलं की माणूस वाचतच नाही.

आणि त्याच सवयीने माझा घात केला. रात्रीचा दीड वाजलेला, बाहेर अवकाळी पाऊस, लाइट येऊन जाऊन, इन्व्हर्टर किंचाळतोय. आई पाणी प्यायला उठली. "रे अजून निजूक नाय? काय करतस?" म्हटलं टेस्ट चलता. "तुजी काय तेची?" म्हणाली आणि गेली झोपायला. तेवढ्यात एक टेस्ट अडली, लॉगमध्ये दोन ओळींचा फरक, मी बघितलं न बघितलं आणि यू दाबलं. यू म्हणजे अपडेट, म्हणजे आत्ता जे आलं तेच यापुढे बरोबर असं धर. परत चालवली, पास, हिरवी. पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच टेस्ट फेल. म्हटलं असं कसं, काल तर पास. नीट वाचलं तर रात्री मशीन इतकं दमलेलं की खोट्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नव्हतं, लॉगमध्ये कनेक्शन टाइम आउट झाल्याची ओळ आलेली, आणि मी तीच खरं म्हणून कोरून ठेवलेली. आता सकाळी मशीन ताजं, मेल नीट पोचतंय, तर सूट म्हणतोय चूक, टाइम आउट का नाही झाला. एक बटण आणि खोट्याचं खरं. नशिबाने सगळं गिटमध्ये होतं, गिट स्टेटसने एक फाइल बदललेली दाखवली, जुनी परत आणली. पण मी रोज गिट स्टेटस बघणारा नसतो तर? यू आणि बाकीची बटणं एकाच ओळीत, "नक्की का?" असं विचारत पण नाही. एक स्टार इथे गेला.

शेवटी दोन रात्रींत सगळं संपलं, जे फेल होते त्यांची कारणं कळली, आणि ४.९७.१ सुरमईवर चढवलं. थर्टी फर्स्टला काही झालं नाही.

आता मुख्य मुद्दा, जो मला कुणीतरी आधी सांगायला हवा होता. हा सूट एक्झिम तपासतो. तुमची कॉन्फिग तपासत नाही. २०२१ चा माझा घोळ या सूटने कधीच पकडला नसता, कारण एक्झिम बरोबरच वागत होतं, चूक माझ्या कॉन्फिगमध्ये होती. तेव्हा टेस्ट सूट पास झाला म्हणजे आपलं मेल चालणार असं समजून कुणी घेणार असेल तर घेऊ नका. रापण आणि होडी दोन्ही तपासावी लागतात, होडी तरंगते म्हणून जाळ्याची भोकं बुजत नाहीत.

पण ही पद्धत ढापण्यासारखी आहे, आणि मी ढापली. माझ्या कॉन्फिगसाठी एक फोल्डर केलाय, पडताळा नावाचा. आधी मी फक्त एक्झिमचा डॅश बीटी वापरायचो, त्याला पत्ता दिला की हे मेल कुठे जाईल ते सांगतं, मेल न पाठवता. चाळीसेक पत्ते, अपेक्षित उत्तरं फाइलमध्ये, ताडून बघायचं. मस्त वाटलं, दहा सेकंदात हिरवं. मग मुद्दाम २०२१ ची जुनी कॉन्फिग त्याला दिली तर ती पण हिरवी! कारण डॅश बीटी एक्झिमच्या राउटरपर्यंतच, म्हणजे मेल कुठे जाणार हे ठरवणाऱ्या भागापर्यंतच, जातं, मेलबॉक्सची फाइल उघडणारा जो ट्रान्सपोर्ट त्याला हातच लावत नाही, आणि माझं ओवळं नेमकं तिथे होतं. म्हणजे जो खड्डा चुकवायला हे सगळं केलं त्याच खड्ड्यात मी हिरव्या दिव्याने परत गेलो असतो. आता खरं मेल टाकतो. स्वॅक्स नावाची कमांड आहे, एका ओळीत एसएमटीपी मेल पाठवते, तिने बांगड्यावर मेल टाकायचं, मग मेलबॉक्सची फाइल आणि लॉग उचलायचा, सेड या कमांडने वेळ आणि आयडी घासायचे आणि डिफ या कमांडने ताडायचं. माझ्याकडे पण सगळ्या तारखा १९९९ चा २ मार्चच होतात, परंपरा पाळलीय.

बाहेरच्या पत्त्याला मेल जातं का हे बघायला समोर खोटा सर्व्हर हवा. पोस्टफिक्सबरोबर एसएमटीपी-सिंक नावाचा चांगला येतो, पण डेबियनवर पोस्टफिक्सचं पॅकेज टाकायला गेलात की ते एक्झिम काढायला निघतं, एका घरात दोन मेल सर्व्हर नांदत नाहीत. म्हणून एक्झिमच्या सूटमधलाच तो छोटा खोटा सर्व्हर उचलून वापरतो, त्याला ४५० (आत्ता नाही, नंतर या) द्यायला लावायचं आणि बघायचं की मेल क्यूमध्ये राहतं, ५५० (साफ नकार) द्यायला लावायचं आणि बघायचं की बाउन्स, म्हणजे मेल परत, येतो. बाहेरून कुणी घुसतोय का हे एक्झिमच्याच डॅश बीएचने, म्हणजे अमुक पत्त्यावरून कुणी जोडलंय असं नाटक करून, त्याला १९२.०.२ वाला एखादा पत्ता द्यायचा, तो पट्टा उदाहरणांसाठीच राखीव आहे, म्हणजे कुणा खऱ्याच्या अंगावर काही जात नाही. ओपन रिले, म्हणजे कुणाही परक्याचं मेल पुढे पोचवणारे, झालोय का एवढं तरी प्रत्येकाने याने बघाच.

कुणासाठी आहे हे? पॅकेज मॅनेजरने एक्झिम टाकून सुखात असाल तर टेस्ट सूटच्या वाट्याला जाऊ नका, पॅकेज बनवणाऱ्यांनी त्यांची डोकेफोड केलेली असते, तुम्ही तुमच्या कॉन्फिगचा पडताळा करा. स्वतः कंपाइल करत असाल, पॅच लावत असाल, तर मात्र याच्याशिवाय करू नका. दोन संध्याकाळी सेटअपच्या धरा. पर्ल वाचता येत असेल तर बरं, रनटेस्टमध्ये काय चाललंय ते कधी ना कधी उघडून बघावंच लागतं, आणि त्यातल्या कॉमेंट रीडमीपेक्षा कितीतरी प्रेमळ आहेत.

डेबियन १२ वरून पुढच्या अपग्रेडला पडताळा आधी बांगड्यावर चालवला, तीन फरक निघाले, दोन नुसते शब्दांचे आणि एक खरा, देवगडच्या एका आंबेवाल्याचा जुना एलियस (दुसऱ्या मेलबॉक्सकडे वळवणारा पत्ता) जो कुठल्याच यादीत नव्हता. आता यू दाबायची सोयच मी ठेवलेली नाही, अपेक्षित फाइल बदलायची तर हाताने एडिटरमध्ये उघडायची. काकांचे मेल पहिल्या नंबरच्या टेस्टमध्ये आहेत. पाठवणारा ठाण्याचा.